बिनवाटेचा डोंगर, उन्हात आणि थंडीत

आम्ही सह्याद्रीच्या पायथ्याच्या, कोकणाच्या अंगाला असलेल्या एका वाडीतल्या बचत गटाच्या बाया. आमच्या घरांच्या मागं उभा कडा आहे आणि शनिवार-रविवारी त्या कड्यावर चढायला शहरातून माणसं येतात. त्यांचा चहा, नाश्ता, जेवण आमचा गट करतो. त्यामुळं सपाटीवरच्या गटांतल्या बाया भेटल्या की आम्हाला एक प्रश्न हमखास विचारतात. चांगली पायऱ्यांची, शिड्यांची वाट असताना ही माणसं आडरानातून, जिथं वाटच नाही तिथून का चढतात? आणि त्याच्या मागोमाग दुसरा, जरा दबक्या आवाजातला प्रश्न येतो. आमची पोरगी पण जायचं म्हणते, तिला जाऊ द्यावं का?

पहिल्या प्रश्नाला फार वेळ घालवायला नको. कुणाला कड्याची ओढ असते, कुणाला स्वतःला अजमावून बघायचं असतं, काहींना नुसता फोटो हवा असतो. दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर द्यायचं तर डोंगर समजून घ्यावा लागतो. आज तेवढंच करू.

आधी आपला सह्याद्री घडलाय कसा ते बघा. सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वी इथं जमिनीला भेगा पडून तापलेला लाव्हा बाहेर आला. एकदाच नाही, पुन्हा पुन्हा आला. एक थर पसरला, थिजला, त्यावर दुसरा पसरला. टोपल्यात भाकरीवर भाकरी ठेवावी तसे हे थर. त्यातला काही खडक कठीण, काही ठिसूळ. ठिसूळ थर पावसानं झिजला, त्याचा उतार झाला, तिथं माती धरली, झाडी वाढली. कठीण थर ताठ उभा राहिला, तो झाला कडा. म्हणून कोकणातून वर बघितलं तर कडा, मग झाडीचा पट्टा, पुन्हा कडा, पुन्हा झाडी असं दिसतं. त्या झाडीच्या पट्ट्याला डोंगराचा पदर म्हणतात. नाव आपल्याच लुगड्यावरून आलंय.

ही रचना डोक्यात बसली की अर्धे अपघात का होतात ते कळतं. वाट चुकलेला माणूस वरून खाली यायला बघतो. समोर झाडीचा उतार दिसतो, तो धरधरून उतरत राहतो. पदर संपतो आणि पायाखाली एकदम शंभर-दोनशे फूट कडा. मागं फिरावं तर ज्या घसाऱ्यावरून तो घसरत आला, तो आता चढता येत नाही. घसारा म्हणजे सुट्या दगड-मुरमाचा उतार, पाय टाकला की सगळंच खाली सरकतं. झाला माणूस अडकला.

ओढ्याचंही तसंच. पाण्याच्या मागं गेलं की गाव लागतं, हे सपाटीवर खरं आहे. इथं ओढा कड्यावरून उडी मारतो. पावसाळ्यात ज्या धबधब्याचे फोटो निघतात, तोच उन्हाळ्यात कोरडा कडा असतो. म्हणून आमच्याकडं पोरांना लहानपणीच सांगतात, हरवलास तर ओढ्यानं खाली उतरू नको. जिथपर्यंत वाट पक्की ओळखीची होती तिथपर्यंत मागं ये. ते जमत नसेल तर सोंडेवर, म्हणजे डोंगराच्या खाली उतरलेल्या धारेवर, उघड्यावर येऊन थांब. तिथून तू दिसतोस आणि हाक ऐकू जाते.

आता वाटा. मळलेली वाट आपल्याला माहीत आहे. हजारो पायांनी ती घट्ट केलेली असते. जुन्नरजवळचा नाणेघाट अशी दोन हजार वर्षं मळलेली वाट आहे. तिथल्या लेण्यात सातवाहनांच्या नागनिका राणीचा लेख कोरलेला आहे, एवढी ती वाट वाहती होती. दुसरी ढोरवाट. गुरं उतार तोडत आडवी आडवी चालतात, त्यांच्या खुरांनी ती पडते. नवख्या माणसाला ती खरी वाट वाटते, पण गुरं चाऱ्याला जातात, गावाला नाही. त्यामुळं ढोरवाट पुढं जाऊन चार ठिकाणी फुटते आणि गवतात विरून जाते. तिसरी नाळ. दोन कड्यांच्या बेचक्यातून पाणी खाली येताना जी उभी घळ पडते ती नाळ. तिच्यात मोठमोठे धोंडे अडकलेले असतात आणि मधे मधे पंधरा-वीस फुटांचा सरळ कातळ आडवा येतो. ज्याला ही मंडळी अवघड चढाई म्हणतात ती बहुतेक अशा नाळेतून किंवा कड्याला आडवं जाऊन होते.

एकाच डोंगराचं उदाहरण घेऊ. हरिश्चंद्रगड. अहिल्यानगर जिल्ह्यातल्या पाचनईकडून गेलं तर दोन-अडीच तासांत म्हातारी बाईसुद्धा हळूहळू देवळापाशी पोचते. त्याच गडाला कोकणाच्या बाजूनं, मुरबाड तालुक्यातल्या बेलपाड्यातून नळीची वाट आहे. ती कोकणकड्याच्या कुशीतून वर येते, तिला सबंध दिवस लागतो, काही ठिकाणी दोर बांधावा लागतो. गड एकच, वर पोचल्यावर दिसणारं आभाळही एकच. उलट अवघड वाटांना सोपं करतात तसंही होतं. कळसूबाईचं शिखर १६४६ मीटर, महाराष्ट्रात सगळ्यात उंच, पण बारी गावाकडून तिथं लोखंडी शिड्या आहेत आणि नवरात्रात बायकांची रीघ लागते. त्या कळसूबाईची गोष्ट माहीत आहे ना? कामाला राहिली तेव्हाच तिनं अट घातली होती म्हणे, केर काढणार नाही आणि भांडी घासणार नाही. ते काम तिच्या माथी मारलं तेव्हा ती उठली आणि डोंगरावर निघून गेली. आमच्या गटात ही गोष्ट फार आवडते, कारण सांगायला नको.

बिनवाटेच्या डोंगराचा विषय निघाला आणि हिरकणीचं नाव आलं नाही असं होत नाही. दूध घालायला रायगडावर गेलेली गवळण, सूर्य मावळला, दरवाजे बंद झाले, घरी तान्हं बाळ, आणि ती अंधारात कडा उतरून गेली. ही गोष्ट आपण आईच्या मायेची म्हणून सांगतो. सांगावीच. पण आमचं म्हणणं असं की नुसत्या मायेनं पाय खोबणीत बसत नाही. ती त्याच डोंगराखाली राहणारी बाई. कुठला कातळ ओला असतो, कुठं झुडूप मुळाशी घट्ट असतं, कुठं बसून सरकावं लागतं, हे तिच्या अंगात मुरलेलं असणार. आणि गोष्टीचा शेवट नीट ऐका. महाराजांनी तिचा गौरव केला, पण त्या जागी वाट नाही केली, बुरूज बांधला. म्हणजे एका बाईला एका रात्री जमलं ते रोजच्या रहदारीचं नाही, हे त्यांना कळत होतं.

आता ऋतू. तोच कडा वैशाखात वेगळा असतो आणि पौषात वेगळा.

उन्हाळ्याचं आधी सांगतो, कारण आमच्याकडं सगळ्यात जास्त माणसं उन्हानं आडवी होतात, पडून नाही. आपला काळा कातळ दिवसभर तापतो आणि ती धग सोडत राहतो. दुपारी त्याला हात लावला तर चुलीवरच्या तव्याची आठवण होते. झाडांची पानं गळलेली, त्यामुळं लांबून सोंडा, खिंडी, वाटेची रेघ स्वच्छ दिसते, हा उन्हाळ्याचा फायदा. तोटा असा की सावली नाही, आणि वाळक्या पानांचा थर पायाखाली साबणासारखा सरकतो.

यात वेळेची एक खुबी आहे. कोकणाकडचा कडा पश्चिमेकडं तोंड करून आहे. सूर्य उगवतो त्याच्या पाठीमागून. त्यामुळं आमच्या बाजूच्या नाळेत सकाळी बराच वेळ सावली असते आणि दुपार कलली की तीच नाळ भट्टी होते. देशाच्या बाजूला बरोबर उलटं. म्हणून मार्चनंतर कुणी आमच्या नाळेतून चढणार असेल तर पहाटे चार-साडेचारला निघावं, बॅटरीच्या उजेडात पदर गाठावा आणि ऊन नाळेत उतरायच्या आत वर निघावं. दहा वाजता पायथ्याशी पोहे खात बसलेल्यांनी त्या दिवशी चढायचं नाही.

पाणी किती? उन्हाळ्यात माणशी चार ते पाच लिटर, थंडीत दोन-तीन. लिटरमागं एक किलो वजन हे आपल्याला कुणी शिकवायला नको, आपण हंडा वाहतो. पण शहरातली पोरं ओझं नको म्हणून एक बाटली घेतात आणि म्हणतात, वर टाकं आहे ना. टाकं म्हणजे गडावर कातळात खोदलेला हौद. कितीतरी टाकी मार्च-एप्रिलपर्यंत आटतात किंवा हिरवी होतात. कुठलं टाकं कधीपर्यंत टिकतं हे पायथ्याच्या माणसालाच विचारावं, त्याच आठवड्यात विचारावं. उंबर दिसला की जवळपास ओल असते असं आपल्या म्हाताऱ्या सांगतात, पण ओल म्हणजे पिण्याचं पाणी नव्हे. आमच्या वाटाड्यांचा एक नियम आहे तो सगळ्यांनी घ्यावा असा आहे. जवळचं अर्धं पाणी संपलं की जिथं असाल तिथून मागं फिरायचं. शिखर हाताच्या अंतरावर असलं तरी.

इथं बायकांचं एक वेगळं दुखणं आहे, ते कुणी बोलत नाही म्हणून आम्ही बोलतो. पुरुषांबरोबर चढताना आडोसा मिळणार नाही या धाकानं बाया आणि पोरी पाणीच पीत नाहीत. घरातून निघताना नाही, वाटेत नाही. मग दुपारी डोकं दुखतं, चक्कर येते आणि सगळे म्हणतात, बाईला झेपत नाही. झेपत सगळं असतं, पाणी पोटात नसतं. ज्या चमूत पोरी आहेत तिथं म्होरक्यानं ठरवून दर तासाला थांबायचं आणि पुरुषांनी पुढं जाऊन उभं राहायचं. पाळी चालू असेल तरी चढायला हरकत नाही, कपडा किंवा पॅड जास्तीचं, आणि वापरलेलं परत आणायला एक पिशवी. कपड्यांचं म्हणाल तर आमच्या म्हाताऱ्या नऊवारी कासोट्यात कडा चढतात. पायघोळ सलवार मात्र नको, ओढणी तर नकोच, ती काट्यात अडकते.

ऊन लागल्याची खूण ओळखा. आधी घाम फार येतो, पायात गोळे येतात, मळमळतं. या वेळी सावलीत बसवून मीठ-साखरेचं पाणी द्यायचं. एक लिटर उकळून गार केलेल्या पाण्यात सहा सपाट चहाचे चमचे साखर आणि अर्धा चमचा मीठ, आपण हगवणीला करतो तेच. कैरीचं पन्हं, कोकमाचं सरबत, ताक हेही चालतं. पण अंग तापलेलं आहे, माणूस असंबद्ध बोलतोय, हाक मारली तर नीट ओ देत नाही, तर हा उष्माघात. हा जिवावरचा प्रसंग आहे. तोंडात पाणी ओतू नका, श्वासनळीत जाईल. कपडे सैल करा, अंगावर पाणी ओता, मान, काखा, जांघा ओल्या फडक्यानं गार करत राहा, वारा घाला आणि १०८ ला फोन लावा.

आणि मधमाश्या. कड्याच्या कपारीला आग्या मोहोळ लटकलेलं असतं. धूर, आरडाओरडा, अत्तराचा उग्र वास यांनी ते उठतं. मोकळ्या रानात माणूस तोंड झाकून पळू तरी शकतो, कातळाला लटकलेला कुठं पळणार? म्हणून मोहोळ दिसलं की गुमान लांबून जायचं किंवा परतायचं. मे महिन्यात आणखी एक भर, दुपारनंतरचा वळीव. आभाळ गडगडायला लागलं की सोंड, एकटं झाड आणि लोखंडी शिडी सोडायची. वीज पडण्याची सूचना देणारं दामिनी नावाचं ॲप पुण्याच्या हवामान संस्थेनं केलंय. मोबाईल असेल तर घालून ठेवा, शेतावरही कामी येईल.

एक प्रसंग सांगतो. एका एप्रिलमध्ये शहरातून अकरा जणांचा चमू आला. गाडी उशिरा आली, पायथ्याशी पोचायला साडेदहा वाजले. त्यांना नाळेनं वर जायचं होतं. आमच्या गटातल्या एकीचा मुलगा वाटाड्या म्हणून ठरला होता, रात्रीच्या जेवणाचे पैसे आगाऊ मिळाले होते. आम्ही नाही म्हटलं. उद्या पहाटे या, आज राहा, असं सांगितलं. म्होरक्या म्हणाला, दुप्पट देतो. तरी नाही म्हटलं आणि आगाऊ घेतलेले पैसे परत केले. त्यांनी शेजारच्या वाडीतला दुसरा माणूस घेतला आणि गेले. आता तुम्हाला वाटेल पुढं काहीतरी वाईट घडलं. नाही घडलं. रात्री नऊला सगळे सुखरूप वर पोचले. त्या दिवशी आमचं जेवण वाया गेलं, भाजी गुरांना घातली. मासिक बैठकीत त्यावरून जोरात वाजलं. एक म्हणाली, तुमच्या भीतीपायी धंदा गेला, पोरं तर पोचलीच की. आमचं त्यावर एवढंच म्हणणं आहे की एकदा पोचले म्हणून ती वेळ बरोबर ठरत नाही. बैलगाडी कठडा नसलेल्या पुलावरून एकदा डोळे मिटून गेली तरी पूल तोच राहतो. पण तिचंही खोटं नाही. त्या पैशांतून तिच्या कर्जाचा हप्ता जाणार होता. हा वाद आमच्यात अजून मिटलेला नाही.

आता थंडी. थंडीत डोंगर सोपा वाटतो, आणि तसा आहेही. हवा छान, टाक्यांत पाणी, चढताना दम कमी लागतो. पण दिवस आखूड. डिसेंबरात सूर्य सातच्या सुमारास उगवतो आणि सहाला मावळतो, म्हणजे मे महिन्यापेक्षा दोन तास कमी. देशाच्या अंगच्या घळीत तर पाचलाच दिवे लावावेसे वाटतात. जी चढाई उन्हाळ्यात उजेडात संपते तीच थंडीत अंधारात अडकते. म्हणून परतायची वेळ निघतानाच ठरवायची. समजा एक वाजता. एक वाजला की कुठंही असा, तोंड घराकडं.

दुसरं गवत. पावसाळ्यानंतर कंबरेएवढं गवत वाढलेलं असतं, ते वाळून आडवं पडतं. त्याखाली वाट, खड्डा, सुटा दगड काहीच दिसत नाही. आणि वाळलेल्या गवतासारखी घसरण दुसरी नाही, उतारावर तर पेंढ्यावरून घसरल्यासारखं होतं. पहाटे त्यावर दव असतं. आमच्या बाजूच्या कड्यावर ऊन उशिरा येतं, म्हणून तो कातळ दहा-अकरापर्यंत ओलाच. बघा, उन्हाळ्यात जी सावली आपल्याला वाचवते तीच थंडीत पाय घसरवते. म्हणून थंडीत ओल्या कातळावर घाई करायची नाही, तो सुकेपर्यंत पदरात थांबायचं.

आधाराला काय धरायचं हेही ऋतूवर आहे. कारवी तुम्हाला माहीत असेल, तिच्या काठ्यांनी आपण कुडाच्या भिंती करतो. ओली कारवी मुळाशी धरली तर चांगला भार घेते. पण ती सात-आठ वर्षांनी एकदाच फुलते आणि मग मरते. मेलेली कारवी उभीच राहते, दिसायला दणकट, हातात धरली की काडकन मोडते. झुडूप धरण्याआधी ओढून बघा, दगड धरण्याआधी ठोकून बघा. भरीव आवाज आला तर घट्ट, पोकळ आला तर सोडा.

थंडीचं म्हणाल तर उंचीला दर हजार मीटरला हवा साधारण साडेसहा अंशांनी उतरते. म्हणजे कोकणातल्या गावापेक्षा चौदाशे मीटरवरचा माथा नऊ-एक अंशांनी गार. त्यावर वारा. चढताना घामानं कपडे भिजतात आणि वर थांबलं की तेच ओले कपडे अंगातली ऊब खेचून घेतात. पाठपिशवीत एक कोरडा सदरा आणि लोकरीचं काहीतरी हवंच, वर पोचल्या पोचल्या बदलायचं. कुणी थडथड कापतंय, जीभ जड झालीय, पाय अडखळतायत, तर त्याला वाऱ्याआड न्या, ओलं काढा, गोधडीत गुंडाळा, गोड गरम चहा द्या. दारू देऊ नका. दारूनं गरम वाटतं, पण खरं तर अंगातली ऊब कातडीवाटे बाहेर जाते. आणि शेकोटी करताना दहादा विचार करा. पौषापासून गवत पेटायला टपलेलंच असतं. शहरातला माणूस शेकोटी विझली म्हणून झोपतो आणि सकाळी आमच्या गुरांचा वर्षाचा चारा, घरांवर शाकारायचं गवत जळून गेलेलं असतं.

दोराविषयी थोडं. इंग्रजांनी मराठ्यांचे गड घेतल्यावर कितीतरी गडांच्या पायऱ्या सुरुंगानं उडवल्या. अलंग, मदनसारख्या गडांवर त्यामुळं आज दोराशिवाय नीट जाता येत नाही. आता विहिरीचा दोर आणि चढाईचा दोर यांत फरक आहे. विहिरीचा दोर ताणत नाही. माणूस पडला तर तो एकदम हिसका देतो, कंबर मोडते. चढाईचा दोर थोडा ताणतो आणि हिसका पोटात घेतो. पहिली चढणारी वर जाताना कातळातल्या खिळ्यांत दोर अडकवत जाते आणि खालून दुसरी तो दोर सांभाळत, हळूहळू सोडत असते. सगळ्यांचं लक्ष वरच्या बाईकडं, पण तिचा जीव खालचीच्या हातात. हे शिकल्याशिवाय करायचं काम नाही आणि पाहून शिकण्याचंही नाही. नाळेत एकाखाली एक उभं राहू नये, डोक्यावर हेल्मेट हवं, दगड सुटला की “दगड!” म्हणून ओरडायचं आणि खालच्यांनी वर न बघता कातळाला चिकटायचं.

हिमालयात याच गोष्टी शंभर पटीनं मोठ्या होतात. एव्हरेस्टच्या माथ्यावर हवेचा दाब समुद्रकाठच्या एक तृतीयांश. तिथंही ऋतूच ठरवतो. मे महिन्यात, पावसाळ्याच्या तोंडावर, वरचा वारा काही दिवस मंदावतो, तेवढ्यात बहुतेक चढाया होतात. एव्हरेस्टवर माणूस पहिल्यांदा पोचला १९५३ च्या मे महिन्यात, पण ऐन हिवाळ्यात पोचायला १९८० साल उजाडलं. पोलंडचे दोघे होते ते. के-टू नावाचं शिखर १९५४ च्या जुलैत सर झालं आणि हिवाळ्यात २०२१ च्या जानेवारीत, दहा नेपाळी गिर्यारोहकांनी. सुमारे साडेसहासष्ट वर्षं लागली मधे. डोंगर तोच, फक्त ऋतू वेगळा.

आणि बाया कुठं मागं आहेत? जपानच्या जुन्को ताबेई १९७५ मध्ये एव्हरेस्टवर पोचल्या, जगातली पहिली बाई. आपल्या देशातली पहिली बचेंद्री पाल, २३ मे १९८४. उत्तरकाशी जिल्ह्यातल्या नाकुरी गावची, आपल्यासारखीच डोंगराच्या गावातली मुलगी. त्या मोहिमेत वरच्या छावणीवर रात्री हिमकडा कोसळला, कितीजण जखमी होऊन परतले, ती पुढं गेली. पुण्याची कृष्णा पाटील २००९ मध्ये, साताऱ्याची प्रियांका मोहिते २०१३ मध्ये एव्हरेस्टवर पोचली. प्रियांका पुढं २०२१ मध्ये अन्नपूर्णेवरही गेली.

तेव्हा पोरीला जाऊ द्यावं का, याचं आमचं उत्तर असं. जाऊ द्या, पण आधी म्होरक्याला चार प्रश्न तिच्यासमोर विचारा. निघणार किती वाजता? परतायची वेळ कोणती? पाणी माणशी किती? आणि या वाटेनं या महिन्यात आधी कोण गेलंय? उत्तरं चटकन आली तर ठीक. “बघू, ॲडजस्ट करू” असं आलं तर पुढच्या वेळी. आणि पोरीला एक गोष्ट घरातूनच सांगून पाठवा. मागं फिरावंसं वाटलं तर तसं म्हणायचं, कुणी हसलं तरी. घरी आल्यावर तुम्हीही विचारू नका की शिखरापर्यंत गेलीस का.

शेवटी आमच्या वहीचं सांगतो, कारण ज्यांच्या गावाला डोंगर आहे त्यांना ते उपयोगी पडेल. वर जाणाऱ्या प्रत्येक चमूची नोंद आमचा गट ठेवतो. किती माणसं, म्होरक्याचं नाव आणि घरचा नंबर, कुठल्या वाटेनं चढणार, कुठल्या वाटेनं उतरणार, निघाल्याची वेळ, परतीची वेळ, पाणी किती, वाटाड्या कोण आणि त्याची मजुरी किती ठरली. मजुरी लिहायला लागल्यापासून ती कमी द्यायचं प्रमाण घटलं, हा फायदा न मागता झाला. उन्हाळ्यात रात्री आठला आणि थंडीत सातला पाळी असलेली बाई वही घेऊन माणसं मोजते. जे दुसऱ्या बाजूला उतरणार असतील त्यांचा पोचल्याचा फोन यायला हवा. माणसं कमी भरली तर आधी वाडीतली दोन जाणती माणसं उठवायची, मग पोलीस पाटील, मग ११२. लोणावळ्याच्या शिवदुर्ग मित्रसारखी डोंगरातून माणसं काढणारी पथकं आहेत, त्यांच्यापर्यंत निरोप रात्रीच गेला पाहिजे, सकाळची वाट बघायची नाही. ज्या गटांना अशी वही सुरू करायची असेल त्यांनी केंद्रावर निरोप ठेवावा, आम्ही आमच्या वहीचं एक आखलेलं पान पाठवून देऊ.